वादळाआधीचे सरकार

भारतातल्या सरकारी यंत्रणेला संकटाशी कसे वागायचे हे पहिल्यांदा दुष्काळाने शिकवले. १८६६ साली ओडिशात पडलेल्या दुष्काळात, तिथे ज्याला आजही ‘नअंक दुर्भिक्ष’ म्हणतात त्यात, सुमारे दहा लाख माणसे दगावली. तिथल्या लोकसंख्येचा जवळपास तिसरा हिस्सा संपला. व्यापाऱ्यांच्या कोठारांत तांदूळ पुरेसा आहे असे समजून कटकचे आयुक्त रेव्हनशॉ स्वस्थ राहिले. चूक ध्यानात आली तोवर पावसाळा तोंडावर आला होता, आणि बाहेरून मागवलेला तांदूळ खवळलेल्या समुद्रामुळे वेळेत उतरवता आला नाही. त्या नामुष्कीची चौकशी झाली. पुढे १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात पुन्हा दुष्काळाने थैमान घातले, आणि १८८०च्या दुष्काळ आयोगातून दुष्काळ संहिता जन्माला आल्या. पिकांचा अंदाज घ्यायचा, धान्याचे भाव पाहायचे, चाचणीची कामे काढायची, त्यांवर मजूर किती येतात ते मोजायचे, मग मोठी कामे आणि शिधावाटप सुरू करायचे, असा त्यांचा क्रम होता. महाराष्ट्राला हा क्रम चांगला परिचयाचा आहे. १९७२च्या दुष्काळात पाझर तलावांच्या, नालाबंडिंगच्या आणि खडी फोडण्याच्या कामांवर एका टप्प्याला जवळपास पन्नास लाख माणसे राबत होती. रोजगार हमीचा कायदा त्याच अनुभवातून आला. पैसेवारी, पंचनामा, सानुग्रह अनुदान हे महसूल खात्याचे रोजचे शब्द याच परंपरेतले. ही परंपरा कमी लेखण्यासारखी नाही. तिने असंख्य जीव वाचवले. पण तिच्या मुळाशी एक गृहीत आहे. संकट पावलापावलाने येते, आणि ते आल्याची खात्री पटल्यावर हालचाल केली तरी निभावते, असे ती धरून चालते.

चक्रीवादळ हे गृहीत मोडून टाकते. दुष्काळ सरकारला महिने देतो, वादळ फार तर तीन दिवस. आणि वादळाबाबत आपल्याकडे जी दुसरी सरकारी परंपरा होती ती जमिनीवरच्या माणसासाठी निर्माणच झालेली नव्हती. कलकत्त्याला हेन्री पिडिंग्टन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जहाजांच्या नोंदवह्या धुंडाळून बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास केला आणि ‘सायक्लोन’ हे नाव रूढ केले. ऑक्टोबर १८६४च्या वादळात कलकत्ता आणि हुगळीच्या मुखाकडचा मुलूख मिळून साठ हजारांच्या आसपास माणसे मेली, त्यानंतरच्या वर्षी बंदराला इशारे देण्याची पद्धत सुरू झाली, आणि १८७५ साली हवामान खाते उभे राहिले. बंदरावर बावटा चढवायचा, तो पाहून कप्तानाने जहाज आत आणायचे किंवा खोल समुद्रात न्यायचे, हा त्या व्यवस्थेचा गाभा. कोकणातला मच्छीमार आजही ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हणतो, तो याच व्यवस्थेचा वारसा. जहाजे, माल आणि व्यापार यांचे रक्षण तिने केले. किनाऱ्यावरच्या झोपडीत राहणाऱ्या शेतमजुरापर्यंत तो इशारा पोहोचवण्याचे काम तिने कोणाकडेही सोपवले नाही. सप्टेंबर १८८५मध्ये ओडिशातल्या फॉल्स पॉइंट इथे, जिथे जहाजांसाठी दीपस्तंभ उभा होता, समुद्र आत घुसला आणि सुमारे पाच हजार माणसे बुडाली. दीपस्तंभ असलेल्या किनाऱ्यावर माणसांना चढून बसायला उंच जागा नव्हती.

अशा प्रकारे स्वतंत्र भारताच्या वाट्याला दोन यंत्रणा आल्या: एक इशारा देणारी, दुसरी मदत वाटणारी. एकीचे काम वादळ किनाऱ्याला लागेपर्यंत चालायचे आणि दुसरीचे ते ओसरल्यावर सुरू व्हायचे. मधल्या अठ्ठेचाळीस तासांना, म्हणजे ज्या वेळात माणूस घराबाहेर काढून सुरक्षित जागी नेता येतो त्या वेळाला, धनी कोणीच नव्हता. पूर्व किनाऱ्याच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते असे मला वाटते. वादळांत माणसे मोठ्या संख्येने मेली ती इशारा आणि मदत यांच्यामधल्या या पोकळीत, आणि जिथे जिथे ती वाचली तिथे कोणी तरी या पोकळीची जबाबदारी आधीच, शांत दिवसांत, स्वतःकडे घेतलेली होती. ओडिशा हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे, कारण तिथे पोकळीही सर्वांत खोल होती आणि ती भरण्याचे कामही सर्वांत नेटाने झाले.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ जे महाचक्रीवादळ आले त्याचा वारा ताशी २६० किलोमीटरच्या घरात होता आणि समुद्राचे पाणी वीस फुटांपर्यंत चढून आत शिरले. अधिकृत आकड्यांनुसार सुमारे दहा हजार माणसे मेली, त्यांतली बहुसंख्य एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यात, एरसमा आणि त्याच्या आसपासच्या गावांत. हे वादळ न सांगता आले असे मात्र म्हणता येत नाही. अंदमानच्या बाजूने निघालेल्या त्या कमी दाबाच्या पट्ट्यावर हवामान खात्याची चार दिवस आधीपासून नजर होती आणि बातमीपत्रे निघत होती. शिवाय राज्य त्याच महिन्यात एका वादळातून जेमतेम सावरले होते; १७ ऑक्टोबरला गोपालपूरजवळ गंजम जिल्ह्याला तडाखा बसला होता आणि माणसे, साधने तिकडे गुंतली होती. अनुभवही नवा नव्हता. १९७१ साली ऑक्टोबरच्याच अखेरीस, जवळपास त्याच तारखांना, ओडिशाच्या किनाऱ्यावर दहा हजारांच्या घरात माणसे गेली होती. इतके असूनही १९९९मध्ये पक्के निवारे मोजून दोन डझनांच्या आसपास होते, तेही जर्मन मदतीने रेडक्रॉसने बांधलेले. ज्यांना ‘सुरक्षित जागी जा’ असे आकाशवाणीवर सांगितले जात होते त्यांच्यापैकी बहुतेकांच्या चालत जाण्याच्या टप्प्यात सुरक्षित जागाच नव्हती. वादळ किनाऱ्यावर आल्यावर पुढे सरकेना, एक दिवसाहून अधिक काळ तिथेच घोंघावत राहिले. रस्ते झाडांखाली गेले, दूरध्वनी तुटले, राजधानी भुवनेश्वर बाहेरच्या जगापासून तोडली गेली. हौशी बिनतारी चालकांनी संदेश पोहोचवले. ओडिशा पोलिसांनी १९४०च्या दशकापासून कटकला सांभाळलेली निरोप्या कबुतरे त्या दिवसांत खरोखर कामाला लागली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या महिन्यांत एका राज्याच्या सरकारला आपल्याच तालुक्यांची खबर कबुतरांकडून घ्यावी लागली, ही त्या पोकळीची खरी खोली.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत सरकार बदलले. मुख्यमंत्री गिरिधर गमांग गेले, हेमानंद बिस्वाल आले, आणि डिसेंबर १९९९ संपण्याआधी राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. देशात असे पहिलेच. केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा यायला अजून सहा वर्षे होती. तो यायला गुजरातचा भूकंप आणि त्सुनामी अशी आणखी दोन संकटे लागली. ओडिशाच्या प्राधिकरणाचा खरा फायदा मात्र त्याच्या नव्या पाटीत नव्हता. त्याची सांगड जुन्या महसुली रचनेशी घातली गेली. १९६०च्या दशकातल्या दुष्काळापासून ओडिशात विशेष मदत आयुक्त हे पद चालत आले होते. जिल्हाधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी अशी साखळी त्याच्या हाताखाली हलत असे. दुष्काळासाठी घडवलेली ही साखळी तशीच ठेवून तिचे घड्याळ फक्त मागे आणले गेले: जे आदेश पूर्वी नुकसान झाल्यावर निघत, ते आता इशारा आल्यावर निघू लागले. याच सुमारास हवामान खात्यानेही आपले इशारे टप्प्याटप्प्यांत बांधले. बहात्तर तास आधी नजर ठेवण्याची सूचना, अठ्ठेचाळीस तास आधी सावधगिरी, चोवीस तास आधी पक्का इशारा, आणि बारा तास आधी किनारा ओलांडल्यावर आत काय होईल याचा अंदाज. प्रत्येक टप्प्याला प्रशासनाने एक एक काम जोडले. रजा केव्हा रद्द करायच्या, होड्या केव्हा माघारी बोलवायच्या, धान्य आणि रॉकेल केव्हा पुढे पाठवायचे, माणसे केव्हा हलवायची, हे वादळाच्या दिवशी बैठक घेऊन ठरवायचे उरले नाही. झाडे कापून रस्ते मोकळे करणारे जलद कृती दल २००१मध्ये उभे राहिले, कारण १९९९मध्ये मदतीचे ट्रक आडव्या झाडांपुढे दिवसचे दिवस थांबले होते.

या सगळ्यात सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे चक्रीवादळ निवारा. ओडिशाच्या सुमारे ४८० किलोमीटर किनाऱ्यावर आज असे शेकडो निवारे आहेत, आणि त्यांची बांधणी पाहिली की धोरण कसे विचार करते ते कळते. इमारत उंच खांबांवर, तळमजला मुद्दाम मोकळा, म्हणजे समुद्राचे पाणी भिंतीला धडका न देता खालून निघून जाईल. वर जायला जिन्याबरोबर उतरता चढाव, म्हणजे म्हातारी माणसे आणि अपंग खोळंबणार नाहीत. वर हजार किंवा त्याहून अधिक माणसांची सोय, बायकांसाठी वेगळी जागा, जनित्र, लाकूड कापायची यांत्रिक करवत, प्रथमोपचाराची पेटी. एरवी या इमारतीत शाळा भरते किंवा गावाच्या बैठका होतात, त्यामुळे तिला कुलूप लागून गंज चढत नाही आणि वादळाच्या रात्री गावकऱ्याला तिची वाट शोधावी लागत नाही; त्याचे मूल रोज तिथेच जाते. देखभालीची जबाबदारी गावच्या समितीवर. शोध, सुटका, प्रथमोपचार यांसाठी गावातल्याच मुलामुलींचे गट, आणि त्यांच्या नियमित रंगीत तालमी. भोंगा कोण वाजवेल, कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोण एकटा राहतो, कोणाला खांद्यावरून आणावे लागेल, याच्या याद्या गावात असतात. राज्याच्या मदत आयुक्तापासून निघालेला आदेश शेवटी ज्या माणसाच्या तोंडून घराच्या दारात बोलला जातो तो माणूस ओळखीचा असतो. समन्वय या शब्दाला अर्थ येतो तो इथे. मंत्रालयातल्या मोठ्या पडद्यावरचा नकाशा त्याला पूरक आहे, त्याची जागा घेऊ शकत नाही.

१२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन गोपालपूरजवळ आले तेव्हा या चौदा वर्षांच्या कामाची परीक्षा झाली. दुर्गापूजेचे दिवस होते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या रजा रद्द झाल्या, आणि जवळपास दहा लाख माणसे हलवली गेली. पोह्यांची आणि गुळाची पाकिटे, तिकडे ज्याला चुडा-गुड म्हणतात, निवाऱ्यांत आधीच पोहोचली होती. वारा ताशी दोनशे किलोमीटरच्या वर होता. पाठोपाठच्या पुरासकट राज्यातल्या मृत्यूंची संख्या पन्नासच्या आत राहिली. ३ मे २०१९ रोजी पुरीला धडकलेल्या फनीच्या वेळी, निवडणुकीच्या धामधुमीत, बारा लाख माणसे दोन दिवसांच्या आत सुरक्षित जागी पोहोचली. त्या वादळात ६४ माणसे गेली, पैकी बरीचशी भिंती आणि झाडे कोसळून. या काळात ‘एकही बळी नको’ हे राज्याचे जाहीर उद्दिष्ट झाले, आणि मला त्याचे महत्त्व घोषणेपेक्षा फार मोठे वाटते. जुन्या व्यवस्थेत मृत्यू हा निसर्गाचा हिशेब असे आणि सरकारचे काम वारसाला रक्कम देण्यापासून सुरू होई. मृत्यूंचे उद्दिष्ट शून्य ठेवले की प्रत्येक मृत्यूबद्दल ‘हा कसा राहून गेला’ असा प्रश्न अधिकाऱ्याला विचारता येतो. उत्तरदायित्वाची वेळच त्यामुळे वादळाच्या अलीकडे सरकते.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारे यश विज्ञानाचे आहे. उपग्रह सुधारले, डॉप्लर रडार आले, संगणकी प्रारूपे नेमकी झाली, म्हणून माणसे वाचली; प्रशासनाने फक्त अंदाजाची अंमलबजावणी केली. यात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. फायलिनच्या वेळी काही परदेशी तज्ज्ञ वाऱ्याचा वेग याहून बराच अधिक सांगत असताना हवामान खाते आपल्या अंदाजावर ठाम राहिले आणि तो खरा ठरला. असा अंदाज नसता तर चुकीच्या पट्ट्यातली लाखो माणसे हलवावी लागली असती आणि पुढच्या खेपेला ती हललीच नसती. पण अंदाज पुरेसा असता तर १९९९मध्येही पुष्कळ जीव वाचायला हवे होते. शेजारच्या आंध्रने तर हे त्याआधीच दाखवून दिले होते. १९७७च्या वादळात दिवीसीमा परिसरात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. मे १९९०मध्ये त्याच किनाऱ्यावर तितक्याच ताकदीचे वादळ आले तेव्हा सहा लाखांहून अधिक माणसे आधी हलवली होती, आणि मृतांचा आकडा हजाराच्या आत राहिला. डॉप्लर रडारांचे जाळे तेव्हा नव्हते; बदलली होती ती तयारी. उलट बाजूची उदाहरणे आणखी स्पष्ट आहेत. २०१७च्या ओखीच्या वेळी उपग्रह, रडार सगळे होते, तरी केरळ आणि तमिळनाडूचे मच्छीमार खोल समुद्रात सापडले, कारण किनारा सोडून गेलेल्या होडीपर्यंत निरोप नेणारा दुवाच नव्हता. त्यांतल्या कित्येक होड्या वाऱ्याबरोबर वर येत आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या आणि वाचल्या. मे २०२१मध्ये तौक्ते मुंबईच्या बाजूने जाणार हे काही दिवस आधीच माहीत होते. तरीही बॉम्बे हायच्या परिसरात पी-३०५ हा बार्ज २६१ माणसांसह समुद्रातच राहिला आणि बुडाला, सत्तरच्या आसपास माणसे त्यात गेली. नेमका अंदाज हातात असणे आणि त्यावरून ‘आता निघा’ असा हुकूम सुटणे यांत किती अंतर असू शकते ते या घटनेने दाखवले.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा आहे. लाखो माणसांना दोन दिवसांत घराबाहेर काढायचे म्हणजे बळजबरी आलीच. पोलीस आले, दमदाटी आली. गरीब माणूस घर सोडायला तयार नसतो त्याला सबळ कारणे असतात. गाय-बैल, कोंबड्या, धान्याची कणगी, होडी, जाळे, हीच त्याची सगळी मिळकत असते, आणि मागे चोरी झाली तर ती भरून द्यायला कोणी येत नाही. हा आक्षेप गंभीर आहे, आणि ओडिशातही शेवटच्या तासांत काही ठिकाणी माणसांना जबरदस्तीने उचलावे लागले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बळावर एखादे वादळ निभावेल, पंधरा-वीस वर्षांत एकामागून एक येणारी वादळे निभावणार नाहीत. पुन्हा पुन्हा माणसे हलली ती विश्वासावर, आणि विश्वास बसला तो निवाऱ्यात खरोखर अन्न मिळाले, शौचालय होते, बायकांना सुरक्षित वाटले, घरी परतल्यावर वस्तू जागेवर होत्या, म्हणून. बांगलादेशाचा अनुभवही हेच सांगतो. १९७०च्या भोला वादळात तिथे तीन ते पाच लाख माणसे मेली. त्यानंतर लगेच रेडक्रॉस आणि सरकार यांनी मिळून गावोगाव स्वयंसेवकांचे जाळे विणले. पण १९९१मध्ये पुन्हा जवळपास एक लाख अडतीस हजार माणसे गेली. कर्णा घेऊन इशारा देणारा स्वयंसेवक दारात आला होता, परंतु जायचे कुठे याचे पुरेसे उत्तर त्याच्याकडे नव्हते. निवारे मोठ्या संख्येने बांधले गेले तेव्हा, २००७च्या सिद्र वादळात, तितक्याच भयंकर लाटेत मृत्यू साडेतीन हजारांच्या आसपास राहिले. जागा दिल्याशिवाय ‘निघा’ म्हणणे हीच खरी बळजबरी आहे.

तिसरा आक्षेप असा की हे एका दीर्घकाळ टिकलेल्या नेतृत्वाचे फळ आहे आणि म्हणून ते दुसरीकडे लावता येणार नाही. नवीन पटनायक मार्च २०००पासून जून २०२४पर्यंत सलग मुख्यमंत्री होते; राजकीय स्थैर्याने दीर्घ कामाला बळ दिले हे मान्य केलेच पाहिजे. पण प्राधिकरण त्यांच्या आधीच्या सरकारने स्थापले होते, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये दाना वादळ भितरकनिका-धामरा पट्ट्यात आले तेव्हा सरकार बदलून चार महिनेच झाले होते. मोहन माझी यांच्या नव्या सरकारने तीच साखळी हलवली, तेच उद्दिष्ट ठेवले आणि सहा लाखांच्या आसपास माणसे वेळेत निवाऱ्यांत आणली. व्यक्ती बदलूनही काम चालते तेव्हाच संस्था उभी राहिली असे म्हणता येते.

सर्वांत वजनदार आक्षेप चौथा आहे, आणि त्याचे पूर्ण निरसन करता येईल असे मला वाटत नाही. जीव वाचला, पण जगणे वाचले नाही. फनीनंतर पुरी आणि भुवनेश्वर इथे कित्येक भागांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पानमळे, नारळ, काजू, मातीच्या भिंतींची घरे होत्याची नव्हती झाली. निवाऱ्यातून जिवंत परतलेल्या कुटुंबाला कर्ज काढून छप्पर घालावे लागले आणि त्यातले कोणी तरी मजुरीसाठी परराज्यात गेले. शिवाय किनाऱ्यावर घट्ट झालेली ही वीण आत गेल्यावर सैल पडते. ऑक्टोबर २०१८च्या तितलीने हे क्रूरपणे दाखवले. किनाऱ्यावरची माणसे वाचली, पण डोंगराळ आणि आदिवासी गजपती जिल्ह्यात अतिवृष्टीने दरडी कोसळल्या, आणि बरघरा इथे पावसापासून वाचण्यासाठी गुहेत आसरा घेतलेली माणसे गाडली गेली. समुद्रासाठी तयार केलेल्या याद्या आणि निवारे डोंगराला पुरले नाहीत. हे अपयश मान्य करावे लागते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष माझ्या युक्तिवादाला छेद देत नाही, तो पुढे नेतो. माणसांच्या बाबतीत सरकार वादळाच्या अलीकडे आले; घर, वीज आणि बागायतीच्या बाबतीत ते अजून पलीकडेच, पंचनाम्याच्या वहीशेजारी बसलेले आहे. केंद्रपाडा जिल्ह्यातल्या अभ्यासात आढळले की गाव आणि समुद्र यांच्यामध्ये खारफुटीचा रुंद पट्टा होता तिथे १९९९मध्ये मृत्यू कमी झाले. खारफुटी, भूमिगत वीजवाहिन्या, भक्कम छपरे ही सगळी वादळाआधीची कामे आहेत, आणि त्यांना निवाऱ्याइतकाच अग्रक्रम अजून मिळालेला नाही.

हा प्रश्न आता पश्चिम किनाऱ्याचाही झाला आहे. अरबी समुद्र पूर्वी तुलनेने शांत मानला जाई, जरी १९९८मध्ये कांडल्याला मिठागरांत राबणाऱ्या मजुरांसह हजाराहून अधिक माणसांचा जीव गेला होता. अलीकडच्या वर्षांत या समुद्राचे पाणी तापते आहे आणि तीव्र वादळे वाढली आहेत. ३ जून २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीत, निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धनच्या पट्ट्यात ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी आले. प्रशासनाने हजारो माणसांना शाळांत आणि पक्क्या घरांत हलवले, जीवितहानी मर्यादित राहिली, आणि त्याचे श्रेय रायगड-रत्नागिरीच्या यंत्रणेला दिले पाहिजे. पण ओडिशासारखे खास बांधलेल्या निवाऱ्यांचे जाळे तिथे नव्हते. ज्या शाळांत माणसे नेली त्यांतल्या कित्येकांचेच पत्रे आणि कौले उडाली. वादळ गेल्यावर राज्य आपल्या जुन्या, सवयीच्या भाषेकडे परतले. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. पाच-दहा गुंठ्यांत नारळ, पोफळी, जायफळ, मिरीचा वेल एकमेकांना धरून उभे असतात. सरकारी मोजमाप मात्र हेक्टरी होते. झाडामागे भरपाई द्या अशी मागणी बागायतदारांना करावी लागली. नवी पोफळ लावली तर हातात सुपारी यायला सहा-सात वर्षे जातात. पंचनाम्यात ती वर्षे भरायला रकाना नसतो. विजेचे खांब आडवे झाले आणि काही गावे महिनाभर अंधारात राहिली.

महाराष्ट्राकडे या बाबतीत कमी अनुभव नाही. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर जिल्हावार आपत्ती आराखड्यांचे काम देशात सुरुवातीला हाती घेणाऱ्यांत हे राज्य होते, आणि दुष्काळाशी लढण्याची इतकी मोठी परंपरा दुसऱ्या एखाद्या राज्याकडे क्वचितच असेल. म्हणूनच ओडिशाच्या इतिहासाचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे. तिथे कोणतेही चमत्कारिक तंत्र सापडले नाही. दुष्काळासाठी घडलेली महसुली साखळीच त्यांनी वादळाच्या आधीच्या तासांना जोडली, तिच्या शेवटच्या टोकाला खांबांवरची इमारत आणि ओळखीचा माणूस उभा केला, आणि प्रत्येक मृत्यूचा जाब विचारण्याची सवय लावली. आपल्या सातशेहून अधिक किलोमीटर किनाऱ्यावर हेच करायचे तर प्रत्येक किनारी गावाला चालत पोहोचता येईल असा निवारा हवा. तो एरवी शाळा किंवा मासळी वाळवणाऱ्या बायकांची बैठकीची जागा म्हणून वापरात हवा. तलाठी, कोतवाल, आशा सेविका आणि मच्छीमार सोसायटीचे पदाधिकारी यांची नावे एका यादीत आणि त्यांची कामे टप्प्याटप्प्याने ठरलेली हवीत, आणि ती यादी दर पावसाळ्याआधी तालमीत वापरली गेली पाहिजे. बागायतीची झाडनिहाय नोंद वादळापूर्वीच व्हायला हवी, म्हणजे भरपाईचा वाद नंतर उरणार नाही. या कामांना निधी लागतो, पण त्याहून अधिक लागतो तो मधल्या अठ्ठेचाळीस तासांचा एक नेमलेला धनी, ज्याला हुकूम देण्याचा अधिकार आहे आणि ज्याला नंतर जाब द्यावा लागणार आहे. दहा हजार माणसे गमावल्यावर ओडिशाने हा धनी नेमला. महाराष्ट्राला तो तितकी किंमत मोजण्याआधी नेमता येतो. त्यासाठी लागणारा सारा पुरावा शेजारच्या समुद्राच्या किनाऱ्यावर पंचवीस वर्षे उभा आहे.